मक्याचे नत्र : गोणीची किंमत आणि शेवटच्या किलोचा हिशेब

मुंबई उपनगर जिल्ह्यात मक्याची शेती म्हणावी अशी नाही. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला या तिन्ही तालुक्यांतील शेतजमिनींची जागा वसाहतींनी आणि कारखान्यांनी केव्हाच घेतली आहे. तरीही मक्याच्या अर्थकारणाशी या जिल्ह्याचा दुहेरी संबंध आहे. पावसाळ्यात घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथील स्थानकांबाहेर भाजली जाणारी कणसे हा त्यातील डोळ्यांना दिसणारा भाग होय. न दिसणारा भाग याहून मोठा आहे. उपनगरांतील लक्षावधी कुटुंबांच्या आहारात येणारी अंडी आणि कोंबडीचे मांस हे मुख्यतः मक्याच्या खाद्यावरच तयार होते. हा झाला ग्राहकाचा संबंध. दुसरा संबंध उत्पादकाचा आहे. घाटकोपरच्या दक्षिणेस, चेंबूरजवळ ट्रॉम्बे येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीचा खत कारखाना आहे. ‘उज्ज्वला’ युरिया आणि ‘सुफला’ मिश्रखत या नावांनी महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या घरोघरी परिचित झालेली खते येथून बाहेर पडतात.

नाशिक, छत्रपती संभाजीनगर, जळगाव, धुळे, जालना, बुलढाणा या जिल्ह्यांत मका हे आता रोख रकमेचे पीक झाले आहे. कुक्कुटपालन आणि स्टार्च उद्योग यांच्या जोडीला अलीकडे इथेनॉलची मागणीही आली आहे. या पिकाच्या खर्चात नत्रखताचा वाटा अल्प असतो. परंतु उत्पादनात नत्राचा वाटा फार मोठा असतो. या विसंगतीमुळे नत्र किती द्यावे, केव्हा द्यावे आणि कोठे थांबावे हा प्रश्न जितका शेतीशास्त्राचा, तितकाच अर्थशास्त्राचा ठरतो.

हवेतून गोणीत

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन म्हणजेच नत्र असते. परंतु त्या स्वरूपात ते मक्याच्या मुळांना घेता येत नाही. जर्मन शास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये हवेतील नत्र आणि हायड्रोजन यांचा संयोग घडवून अमोनिया तयार करण्याची रीत प्रयोगशाळेत सिद्ध केली. कार्ल बॉश यांनी तिला कारखान्याचे रूप दिले आणि १९१३ मध्ये ओपाऊ येथे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. अमोनियाशी कार्बन डायऑक्साइडचा संयोग केला म्हणजे युरिया मिळतो. युरियात ४६ टक्के नत्र असते.

या प्रक्रियेत हवा फुकट मिळते; हायड्रोजन मात्र फुकट मिळत नाही. तो नाफ्था किंवा नैसर्गिक वायू यांपासून काढावा लागतो. युरियाची किंमत म्हणजे बव्हंशी इंधनाची किंमत होय. ट्रॉम्बे येथे खत कारखाना उभा राहण्याचे कारणही हेच होते. शेजारच्या माहुल भागात १९५४-५५ मध्ये दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले होते. त्यांच्याकडून मिळणारा नाफ्था आणि वायू यांच्या आधारे भारतीय खत महामंडळाचा ट्रॉम्बे येथील कारखाना १९६५ मध्ये कार्यान्वित झाला. १९७४ मध्ये मुंबई हाय येथे तेलाचा शोध लागला आणि पुढे तेथील नैसर्गिक वायूचा आधार खत उद्योगास मिळाला. खत महामंडळाच्या पुनर्रचनेनंतर मार्च १९७८ मध्ये राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स ही कंपनी स्थापन झाली. त्यानंतर रायगड जिल्ह्यात थळ येथे तिचा दुसरा, ट्रॉम्बेपेक्षा मोठा कारखाना उभा राहिला.

तात्पर्य, शेतात पडणारा युरियाचा प्रत्येक दाणा हा मोल देऊन मिळविलेल्या वायूचे दुसरे रूप आहे. देशात निघणारा वायू पुरेसा नसल्याने त्यातील पुष्कळ भाग आयात करावा लागतो. गोणीवर छापलेली किंमत पाहून ही गोष्ट लक्षात येत नाही, आणि येथूनच हिशेबाची गुंतागुंत सुरू होते.

पिकाची भूक

मका हे नत्राला उत्तम प्रतिसाद देणारे पीक आहे. एक टन दाणे तयार होण्यासाठी दाणे आणि धाटे मिळून सुमारे २० ते २५ किलो नत्र पिकाने शोषून घ्यावे लागते. त्यातील काही नत्र जमिनीतील सेंद्रिय पदार्थांतून मिळते. उरलेले खतातून द्यावे लागते. महाराष्ट्रातील बहुतेक जमिनींत सेंद्रिय कर्ब कमी असल्याने जमिनीकडून मिळणारा हा वाटा मर्यादित असतो.

खरीप मक्यासाठी राज्यातील कृषी विद्यापीठीय शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश अशी आहे. स्फुरद व पालाश यांची पूर्ण मात्रा आणि नत्राचा एकतृतीयांश भाग पेरणीच्या वेळी द्यावा. उरलेले नत्र पेरणीनंतर सुमारे ३० आणि ४० ते ४५ दिवसांनी दोन समान हप्त्यांत द्यावे, असे सांगितले जाते. या विभागणीस पिकाच्या वाढीचा आधार आहे. पहिला महिनाभर मक्याची वाढ आणि नत्राची उचल मंद असते. पीक गुडघ्याएवढे झाले म्हणजे ही उचल एकदम वाढते आणि तुरा बाहेर पडेपर्यंत ती जोरात राहते. ज्या वेळी भूक मोठी, त्या वेळी ताटात अन्न असावे, एवढाच या हप्त्यांचा अर्थ आहे.

पायरीपायरीने घटणारा लाभ

खताच्या अर्थशास्त्राचा मूळ नियम साधा आहे. पहिल्या चाळीस किलो नत्राने जेवढे उत्पादन वाढते, तेवढे दुसऱ्या चाळीस किलोंनी वाढत नाही. तिसऱ्या चाळीस किलोंनी त्याहून कमी वाढते. एका मर्यादेनंतर वाढ थांबते आणि पुढे उत्पादन घटूही लागते. अति नत्रामुळे धाट मऊ होते, पीक लोळते, कीड आणि रोग यांना वाव मिळतो. यास घटत्या लाभाचा नियम म्हणतात.

हा नियम आकड्यांत मांडला म्हणजे स्पष्ट होतो. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत. प्रत्येक गावच्या जमिनीनुसार आणि पावसानुसार ते बदलतील. त्यांची चाल मात्र अशीच राहील.

नत्र न दिल्यास : हेक्टरी उत्पादन २४ क्विंटल
४० किलो नत्र दिल्यास : साडेछत्तीस क्विंटल, वाढ साडेबारा क्विंटल
८० किलो नत्र दिल्यास : ४५ क्विंटल, वाढ साडेआठ क्विंटल
१२० किलो नत्र दिल्यास : ५० क्विंटल, वाढ ५ क्विंटल
१६० किलो नत्र दिल्यास : ५१ क्विंटल, वाढ १ क्विंटल
२०० किलो नत्र दिल्यास : ४८ क्विंटल; घट ३ क्विंटल

आता यास किमतीची जोड देऊ. युरियाची ४५ किलोंची निंबोळीयुक्त गोणी २०२५ मध्ये शेतकऱ्यास कर धरून २६६ रुपये ५० पैशांना मिळत होती. त्या गोणीत २० किलो ७०० ग्रॅम नत्र असते. म्हणजे एक किलो नत्रास सुमारे १२ रुपये ८७ पैसे पडले. २०२५-२६ च्या हंगामासाठी मक्याची किमान आधारभूत किंमत क्विंटलला २,४०० रुपये, म्हणजेच किलोला २४ रुपये होती. चाळीस किलो नत्राचा खर्च सुमारे ५१५ रुपये येतो. पहिल्या पायरीवर त्यातून ३०,००० रुपयांचा, दुसरीवर २०,४०० रुपयांचा आणि तिसरीवर १२,००० रुपयांचा मका मिळतो. चौथ्या पायरीवर ५१५ रुपयांच्या खतातून २,४०० रुपयांचा मका मिळतो. मजुरी आणि वाहतूक वजा जाता येथेही थोडा फायदा उरतो.

अर्थशास्त्राचा दंडक असा की, शेवटच्या किलो नत्राने वाढणाऱ्या मक्याची किंमत त्या किलोच्या खर्चाइतकी होईपर्यंत खत देत जावे आणि तेथे थांबावे. या दरांत हा थांबा जवळजवळ कमाल उत्पादनापाशीच येतो. दुसऱ्या शब्दांत, किंमत शेतकऱ्यास कोठेच ‘थांब’ म्हणत नाही.

चार किलोंवरून अर्ध्या किलोवर

किंमत ‘थांब’ म्हणत नाही, ही स्थिती पूर्वी नव्हती. एक किलो नत्र विकत घेण्यास किती किलो मका विकावा लागतो, हे माप लावले म्हणजे बदल ध्यानात येतो. १९८६-८७ मध्ये युरियाचा दर टनाला २,३५० रुपये आणि मक्याची आधारभूत किंमत क्विंटलला १३२ रुपये होती. त्या वेळी एक किलो नत्रासाठी सुमारे चार किलो मका मोजावा लागे. २०१२ च्या नोव्हेंबरपासून युरियाचा दर टनाला ५,३६० रुपये झाला आणि २०१२-१३ मध्ये मक्याची आधारभूत किंमत १,१७५ रुपये होती; म्हणजे एक किलो नत्राला एक किलो मका. त्यानंतर युरियाचा मूळ दर स्थिर राहिला, मक्याची आधारभूत किंमत मात्र दुपटीहून अधिक झाली. २०२५-२६ च्या दराने एक किलो नत्रास अर्ध्या किलोहून किंचित अधिक मका पुरेसा झाला.

वरील उदाहरणास हे माप लावून पाहावे. चौथ्या पायरीवर चाळीस किलो नत्रातून शंभर किलो मका वाढतो. १९८६-८७ च्या प्रमाणाने चाळीस किलो नत्राची किंमत सुमारे १५५ किलो मका होती. त्या काळचा शेतकरी तिसऱ्या पायरीवरच थांबला असता. २०२५-२६ च्या प्रमाणाने तीच किंमत सुमारे २२ किलो मका होती. म्हणून आजचा शेतकरी चौथी पायरी चढतो. जमीन तीच, पीक तेच. निर्णय मात्र किमतीने बदलला. अमेरिकेच्या मका पट्ट्यात एक किलो नत्रास साधारणतः पाच किलोंच्या आसपास मका मोजावा लागतो. म्हणूनच आयोवासारख्या राज्यांत नत्राची शिफारस कमाल उत्पादनावर नव्हे, तर दोन्ही दरांच्या गुणोत्तरावरून काढलेल्या कमाल परताव्यावर ठरविली जाते.

आपल्याकडे हा फरक अनुदानाने भरून निघतो. एस. एस. मराठे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार नोव्हेंबर १९७७ पासून कारखान्याचा वाजवी उत्पादनखर्च आणि शेतकऱ्याने द्यावयाची किंमत यांतील तफावत शासनाने सोसण्याची पद्धत सुरू झाली. अन्नधान्याच्या स्वयंपूर्णतेत या धोरणाचा मोठा वाटा आहे, आणि लहान शेतकऱ्यास ते आधारभूत ठरले आहे. एप्रिल २०१० पासून स्फुरद आणि पालाशयुक्त खतांना पोषणमूल्यावर आधारित ठरावीक अनुदान देण्यात येऊ लागले. युरिया मात्र त्या योजनेबाहेर राहिला. २०२२-२३ मध्ये जागतिक बाजारात वायूचे आणि खतांचे दर भडकले, तेव्हा केंद्र शासनाचा खत अनुदानाचा खर्च अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेला. गोणीची खरी किंमत छापील किमतीच्या अनेक पट असते. म्हणूनच चौथ्या पायरीवर शेतकऱ्याला दिसणारा अल्पसा फायदा हा राष्ट्राच्या हिशेबात तोटा असू शकतो.

स्वस्त गोणी, महाग नासाडी

गोणी स्वस्त असल्याने दोन गैरसमज निर्माण होतात. पहिला, ‘थोडे अधिक टाकले तर काय बिघडले?’ दुसरा, ‘थोडे वाहून गेले तर काय बिघडले?’ यांपैकी दुसरा गैरसमज शेतकऱ्यास अधिक महागात पडतो.

जमिनीत टाकलेल्या नत्रापैकी साधारणतः अर्ध्याहून कमी नत्र त्या हंगामातील पिकाच्या पदरात पडते. उरलेल्या नत्राला तीन वाटा आहेत. ओल्या जमिनीच्या पृष्ठभागावर फोकून दिलेल्या युरियाचे अमोनियात रूपांतर होऊन तो हवेत उडून जातो. विम्लधर्मी काळ्या जमिनीत आणि उष्ण हवेत हे प्रमाण वाढते. जोरदार पावसात नायट्रेटच्या रूपातील नत्र पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जाते. पाणी साचलेल्या शेतात जिवाणूंच्या क्रियेने ते वायुरूप होऊन निघून जाते. या अखेरच्या वाटेवर तयार होणारा नायट्रस ऑक्साइड हा वायू उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट प्रभावी आहे. मुळांखाली झिरपलेले नायट्रेट विहिरींत उतरते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण लिटरला ४५ मिलिग्रॅमहून अधिक असू नये, असे भारतीय मानक आहे. या मर्यादेबाहेरचे पाणी विशेषतः तान्ह्या बालकांस अपायकारक ठरते.

आता शेतकऱ्याच्या नुकसानीचा हिशेब पाहू. दुसऱ्या किंवा तिसऱ्या हप्त्याचे चाळीस किलो नत्र मुसळधार पावसात वाहून गेले, तर तो म्हणेल, पाचशे रुपये गेले. प्रत्यक्षात त्या नत्राने जो पाच क्विंटल मका वाढावयाचा होता तोही गेला. म्हणजे नुकसान ५१५ रुपयांचे नाही, १२,००० रुपयांचे आहे. नत्राच्या नासाडीचे मोजमाप गोणीच्या दराने करावयाचे नसते. ते न मिळालेल्या मक्याच्या दराने करावयाचे असते. गोणी स्वस्त आहे म्हणून नासाडी स्वस्त होत नाही.

यावरून उघड होते की, चौथ्या पायरीवरचे चाळीस किलो अधिक टाकण्यापेक्षा आधीचे तीन हप्ते पिकाच्या मुळाशी पोहोचविणे कितीतरी किफायतशीर आहे. पेरणीचे खत दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याच्या बाजूस आणि थोडे खाली पेरावे. वरखताचा युरिया वाफसा असताना ओळीच्या कडेला देऊन कोळप्याने मातीआड करावा. शेतात पाणी साचले असता किंवा मोठ्या पावसाची चिन्हे असता तो देऊ नये. देशात शेतीसाठी विकला जाणारा सर्व युरिया २०१५ पासून निंबोळी तेलाचे वेष्टन देऊन विकला जातो. या वेष्टनामुळे नायट्रेट बनण्याची क्रिया मंदावते. अनुदानित युरिया अन्य उद्योगांकडे वळविण्यासही त्यामुळे आळा बसतो. तथापि हे वेष्टन युरिया मातीआड करण्याचे काम करीत नाही. ते कोळप्यानेच करावे लागते.

एकट्या नत्राने भागत नाही

किमतीतील असमतोलाचा दुसरा परिणाम खतांच्या प्रमाणावर होतो. डीएपी खताची ५० किलोंची गोणी २०२५ मध्ये १,३५० रुपयांना मिळत होती. तीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असते. त्यातील नत्राची किंमत युरियाच्या दराने वजा केली, तर एक किलो स्फुरदास सुमारे ५४ रुपये पडतात; म्हणजे नत्राच्या चौपटीहून अधिक. पालाशही नत्राच्या मानाने बरेच महाग आहे. हाती पैसा कमी असेल तेव्हा महाग खतात काटकसर करून स्वस्त युरिया वाढविण्याकडे शेतकऱ्याचा कल होतो. पान गडद हिरवे दिसते, शेत डोळ्यांत भरते. परंतु मुळांची वाढ, धाटाचा कणखरपणा आणि दाणे भरणे यांस लागणारे स्फुरद, पालाश, जस्त आणि गंधक कमी पडले म्हणजे त्या हिरवेपणाचे दाण्यात रूपांतर होत नाही. अशा शेतात नत्राचा प्रत्येक किलो कमी मका देतो. घटत्या लाभाची उतरंड तेथे लवकर सुरू होते.

शिफारस केलेली मात्रा प्रत्यक्ष गोण्यांत कशी बसते, हे पाहणे उपयुक्त ठरेल. सुफला १५:१५:१५ या मिश्रखताच्या ५० किलोंच्या साधारण साडेपाच गोण्या एक हेक्टरास पेरणीच्या वेळी दिल्या, तर नत्र, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी सुमारे ४० किलो मिळते. स्फुरदाचे उरलेले २० किलो सिंगल सुपर फॉस्फेटच्या अडीच गोण्यांतून मिळते आणि त्याबरोबर गंधकही मिळते. पुढील दोन्ही हप्त्यांस प्रत्येकी ८७ किलो युरिया, म्हणजे ४५ किलोंच्या जवळजवळ दोन गोण्या लागतात. एकरी हिशेबाने प्रत्येक हप्त्यास सुमारे ३५ किलो युरिया पुरतो. जस्ताची कमतरता असलेल्या जमिनीत पेरणीपूर्वी हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट द्यावे. माती परीक्षणानुसार या मात्रा कमीअधिक कराव्या लागतात.

खत विकत घेताना गोणीचा नव्हे, अन्नद्रव्याच्या किलोचा दर पाहण्याची सवय लागली पाहिजे. उदाहरणार्थ, गंधकाचे वेष्टन असलेल्या ‘युरिया गोल्ड’ची ४० किलोंची गोणीही २६६ रुपये ५० पैशांचीच ठेवण्यात आली. तीत नत्र ३७ टक्के असल्याने नत्राचा किलोचा दर १८ रुपये पडतो. परंतु सोबत १७ टक्के गंधक मिळते. गंधक कमी असलेल्या जमिनीत हा सौदा लाभाचा, इतरत्र तो तितका लाभाचा नाही. निर्णय गोणीच्या नावावरून नव्हे, माती परीक्षणाच्या पत्रिकेवरून व्हावा.

शेणखताचा विचारही याच हिशेबाने करावा. चांगल्या कुजलेल्या शेणखतात सुमारे अर्धा टक्का नत्र असते. दहा टन शेणखतातून ५० किलो नत्र जमिनीत जाते. मात्र त्यातील काही भागच पहिल्या हंगामात पिकास मिळतो, बाकीचा पुढे मिळत राहतो. त्याखेरीज जमिनीची पाणी आणि नत्र धरून ठेवण्याची शक्ती वाढते, हा लाभ युरियातून मिळत नाही. मूग, उडीद, सोयाबीन यांसारख्या कडधान्य व शेंगवर्गीय पिकांचा बिवड मक्यास मानवतो, तोही याच कारणाने.

हप्त्यांचे अर्थशास्त्र

कोरडवाहू मक्याच्या शेतकऱ्यास आणखी एक अनिश्चितता सोसावी लागते, ती पावसाची. पाऊस वेळेवर झाला तर तिसरी पायरीही भरभरून देते. ऐन तुऱ्याच्या वेळी ताण पडला तर दिलेले नत्र जमिनीत तसेच पडून राहते. पेरणीच्या दिवशी हंगाम कसा जाईल हे कोणासही ठाऊक नसते. सर्व नत्र आरंभीच देणारा शेतकरी हंगाम उत्तम जाईल असे धरून चालतो. हप्त्याने देणारा शेतकरी तिसाव्या दिवशी पाऊस आणि पीक पाहून दुसरा निर्णय घेतो, पंचेचाळिसाव्या दिवशी तिसरा. रोपांची संख्या विरळ झाली असेल, पावसाने दीर्घ ओढ दिली असेल, तर पुढील हप्ता कमी करण्याची किंवा लांबविण्याची मोकळीक त्याच्या हाती राहते. पीक जोमदार असेल तर पूर्ण हप्ता देता येतो. यास एक पैचाही जादा खर्च नाही; लागते ती थोडी मजुरी आणि वेळेवर लक्ष. अनिश्चित पावसाच्या प्रदेशात हप्त्याने खत देणे हा शेतकऱ्याचा स्वस्तात स्वस्त विमा होय.

पानांचा रंग पाहून नत्राची गरज ठरविण्यासाठी हिरव्या छटांचा रंगतक्ताही उपलब्ध आहे. पानाचा रंग ठरावीक छटेहून फिका असेल तरच वरखत द्यावे, एवढीच त्याची रीत आहे. हा तक्ता वापरण्यास विशेष शिक्षण लागत नाही.

गावपातळीवर काय करता येईल

मृद आरोग्य पत्रिकेची योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली. खतांची विक्री २०१८ पासून देशभर यंत्रावर नोंद करून होऊ लागली. पत्रिकेत जमिनीची गरज दिसते, विक्रीच्या नोंदीत प्रत्यक्ष खरेदी दिसते. सहायक कृषी अधिकारी आणि ग्रामपंचायत सदस्य यांनी हंगामापूर्वी हे दोन्ही तपशील ग्रामसभेपुढे ठेवले, तर गावात कोणते खत गरजेपेक्षा अधिक येते आणि कोणते कमी पडते हे सर्वांस समजेल. पिण्याच्या पाण्याच्या तपासणीत नायट्रेटचा आकडाही वाचून दाखवावा.

याहून परिणामकारक उपाय म्हणजे गावच्याच शेतात केलेले प्रात्यक्षिक. एकाच शेतात एकेका गुंठ्याचे पाच पट्टे आखावेत. स्फुरद आणि पालाश सर्वांस सारखे द्यावे. पहिल्या पट्ट्यास नत्र देऊ नये. पुढील चार पट्ट्यांस हेक्टरी ४०, ८०, १२० आणि १६० किलो या प्रमाणात नत्र द्यावे. नत्र फक्त युरियातूनच दिल्यास प्रत्येक पायरीस गुंठ्यामागे सुमारे ८७० ग्रॅम युरिया लागतो. कापणीनंतर प्रत्येक पट्ट्यातील वाळलेले दाणे वेगळे तोलावेत. शंभर गुंठ्यांचा साधारण एक हेक्टर होत असल्याने एका गुंठ्यात जितके किलो दाणे, तितकेच हेक्टरी क्विंटल उत्पादन, असा सोपा हिशेब होतो. माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांस तोलणे, आलेख काढणे आणि शेवटच्या पायरीचा नफा-तोटा मांडणे सहज जमण्यासारखे आहे. गणित, विज्ञान आणि अर्थशास्त्र यांचा असा एकत्र पाठ पुस्तकात क्वचितच मिळेल. ट्रॉम्बेपासून जवळ असलेल्या उपनगरांतील शाळांनाही शेत नसले तरी हा आलेख अभ्यासता येईल; हवा, वायू, कारखाना, शेत आणि बाजार ही साखळी त्यातून त्यांच्यासमोर उभी राहील.

शेतकऱ्याने नत्र कमी वापरावे, असा या विवेचनाचा अर्थ नाही. अनेक कोरडवाहू शेतकरी आजही शिफारशीपेक्षा कमी नत्र देतात. त्यांच्या दृष्टीने पहिल्या दोन पायऱ्या चढणे हाच सर्वांत मोठा लाभ आहे. ज्यांनी त्या ओलांडल्या, त्यांनी मात्र गोणीच्या किमतीकडून शेवटच्या किलोच्या लाभाकडे दृष्टी वळविली पाहिजे. गोणीच्या किमतीने ‘थांब’ म्हणणे सोडले असल्याने ते काम आता माती परीक्षणाने, तराजूने आणि शेतकऱ्याच्या स्वतःच्या हिशेबाने करावयाचे आहे. ज्या नत्रासाठी राष्ट्र एवढे मोल मोजते, त्यातील अधिकाधिक भाग कणसात उतरला तर शेतकऱ्याचा नफा, गावची विहीर आणि शासनाची तिजोरी या तिन्हींचे हित एकाच वेळी साधेल.